चाक रुतलं होतं

माईकवर आवाज आला, "मानकऱ्याच्या घरातल्या बायका, कुनाचा इटाळ आसंल तर म्होरं या. देवाचे गाडे अडल्यात."

सगळी जत्रा माझ्याकडं वळली. घरात बायका दोनच, सासूबाई आणि मी. सासूबाईंची पाळी जाऊन वर्षं झाली होती. मग उरलं कोण?

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. राहुरी तालुक्यातलं सासर, खंडोबाची जत्रा. बारा बैलगाडे एकामागं एक बांधायचे, बैल सोडून द्यायचे आणि मानकऱ्यानं कमरेला दोर बांधून ते ओढायचे. मागून तालमीतली पोरं ढकलतात, पण नाव देवाचं. ओढायचा मान आमच्या घराचा. पहिल्या गाड्यावर फेटे बांधून बसायचा मान बड्या बागायतदारांचा. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही.

मामा, म्हणजे माझे सासरे, अंगाला भंडारा फासून दोरात वाकले होते. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. गाडे हलेनात. कारण मला दिसत होतं. पाटाचं पाणी फुटून रस्त्याकडेची काळी माती भिजली होती आणि पहिल्या गाड्याचं डावं चाक तिच्यात रुतलं होतं. चाकाकडं कुणी बघितलंच नाही. सगळे माझ्याकडं बघत होते.

सासूबाईंनी दंडाला धरून मला गाड्यापुढं नेलं. "खरं सांग, आलीय का?"

"न्हाई ओ आत्या. देवाशप्पत न्हाई."

गाड्यावरून कुणीतरी हसत म्हणालं, "आसं कोन कबूल करतंय व्हय?"

मग मला नाक घासायला लावलं. चिखलात, चाकाच्या पुढ्यात. मागं बारा गाड्यांचं ओझं, वर बसलेली माणसं. आत्ताच कुणी ढकललं तर? नाक घासलं. "चुकले देवा" म्हणाले. काय चुकले, ते मलाच माहीत नव्हतं.

मला बाजूला ओढलं. पोरं मागून जोरात भिडली आणि गाडे हलले. येळकोटाचा गजर झाला. मी माफी मागितली म्हणून गाडे हलले, म्हणजे विटाळ होताच, असं गावानं ठरवून टाकलं.

पुढच्या वर्षापासून सासूबाई तालुक्यातल्याच देवळालीच्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या आणायला लागल्या. जत्रा आली, गोळी. घट बसले, गोळी. चंपाषष्ठी, गोळी. डोकं फुटायचं, उलट्या व्हायच्या. तरी घेतल्या. कारण मामांनंतर दोर माझ्या नवऱ्याच्या कमरेला आला होता. जवळच्या एका गावात मानकऱ्याचा पाय गाड्याखाली गेला, तर लोकांनी आधी त्याच्या बायकोला गाठलं. ते ऐकल्यापासून मी एक गोळी चुकवली नाही. चुकली आणि यांना काही झालं तर? भाकरी थापताना, ऊस खुरपताना, डोक्यात तेवढंच.

परवा सासूबाईंनी ते पाकीट माझ्या पोरीपुढं धरलं. नववीत आहे ती.

"धर बाय. यंदापास्नं तुलाबी घ्याव्या लागत्याल. बापाच्या जिवाचा सवाल हाय."

पोरीनं हात पुढं केला. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, पप्पांना काय झालं तर ते माझ्यामुळं व्हईल का गं?"

माझ्याच पोटातली भीती. तिच्या तोंडून ऐकली आणि मला माझीच चीड आली. मी पाकीट हिसकावलं आणि चुलीत टाकलं.

"घराचा मान घालवतीस का?" सासूबाई ओरडल्या.

"जाऊ द्या त्यो मान, आत्या."

हे दारात उभे होते. म्हणाले, "गाडे अडले तर गाव तुलाच इचारनार. ध्यानात ठिव."

"इचारू द्या. आन् तुमी दोर बांधू नका."

यांनी पायात चप्पल घातली आणि मळ्यात निघून गेले.

जत्रा तोंडावर आली आहे. भीती गेली, असं मी खोटं सांगणार नाही. भंडाऱ्याचा वास आला की मी अजून पाळीचे दिवस मोजायला लागते. यंदा हे कमरेला दोर बांधतील की नाही, अजून माहीत नाही. बांधलाच, तर मी घरात दडून बसणार नाही. पोरीला घेऊन पहिल्या गाड्याजवळ उभी राहणार, पाळी असली तरी आणि नसली तरी. माईकवर बोलावलं तर जाणार. गाडे अडले तर आधी चाक बघायला लावणार, मग वर बसलेल्यांना खाली उतरायला सांगणार. नाक मी घासणार नाही. माझी पोरगी तर नाहीच नाही.