आमचं दार जड का व्हायचं

“हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस,” सेन्सेई म्हणाल्या. इथे जपानमध्ये डॉक्टरांना सेन्सेई म्हणतात. मग मला कळावं म्हणून हळूहळू सांगितलं: घरातल्या हवेत बुरशी आहे, ती श्वासातून आत जाते, ह्यांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही आणि सूज येते. मी म्हटलं, घर तर मी रोज पुसते हो. त्यावर त्यांनी विचारलं, “तुमच्या घरात हवा येते कुठून?”



खोकला पावसाळ्यात सुरू झाला होता. आम्ही एसीला दोष दिला. हॉस्पिटलात गेले की हे बरे व्हायचे, घरी आले की पुन्हा ताप. शेवटी सेन्सेईंनी मुद्दाम दोन दिवस घरी पाठवलं. घरी गेल्यावर त्रास परत होतो का, तीच तपासणी होती. मी हौसेनं शिरा केला. दुसऱ्या दिवशी ह्यांना धाप लागली. परत जाताना टॅक्सीत म्हणतात, “पास झालो म्हणायचं.”

आता हवेचं सांगते. मोठ्या भूकंपात अणुभट्टी फुटली, तेव्हापासून किरणोत्सर्गामुळे आम्हाला बाहेरच्या हवेची भीती बसली होती. आम्ही राहतो त्या निशी-कसाईतल्या ओळखीच्या कितीतरी घरांत भिंतीतली हवेची गोल झाकणं चिकटपट्टीनं बंद केली होती. आम्हीही केली, वर कॅलेंडर टांगलं. भीती गेली, पट्टी राहिली. थंडीत गार वारा येत नाही म्हणून बरंच वाटायचं. फक्त फोडणीच्या वेळी शेगडीवरचा पंखा लावला की पुढचं दार जड व्हायचं. मी खांदा लावून ढकलायची. हे हसायचे. “जपानी दार आहे बाई, वाकून नमस्कार केल्याशिवाय उघडणार नाही.”

पंखा हवा बाहेर ओढतो आणि आत यायला वाट नाही, म्हणून दार जड. हे आम्हाला हॉस्पिटलात कळलं. तोवर कपाटामागची भिंत बुरशीनं काळी पडली होती.

भिंतीच्या ओल्या फळ्या काढून घरात हवा खेळती होईपर्यंत सेन्सेई ह्यांना सोडणार नव्हत्या. ह्यांना तर घरी यायचं होतं, बाकी काही नको होतं. आमच्या लेकीनं, मीरानं, हवा खेळवणाऱ्या यंत्रांचे कॅटलॉग आणले. एक प्रकार नुसता हवा बाहेर ओढणारा. तो स्वस्त, पण थंडीत गार हवा थेट अंगावर, आणि गार हवेनं ह्यांना खोकल्याची उबळ यायची. दुसरा जोडीनं चालणारा: एक पंखा हवा आत घेतो, दुसरा बाहेर टाकतो, थोड्या वेळानं उलट. बाहेर जाणारी हवा आपली ऊब यंत्रात ठेवून जाते, तीच आत येणारीला मिळते. शिवाय जुन्याच भोकांत बसतो, त्यामुळे भिंत फोडायला बिल्डिंगच्या कमिटीची परवानगी नको. नाकात ऑक्सिजनची नळी आणि पोटावर कॅटलॉग, असे हे पडून वाचायचे. तोच निवडला. विचारलं एवढंच, “आवाज कमी आहे ना? हिची झोप फार सावध.”

स्कॅनमध्ये फायब्रोसिस दिसलं, म्हणजे फुप्फुसाचा काही भाग व्रणासारखा कडक झालेला. सेन्सेई म्हणाल्या, “यंत्रानं गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं कदाचित टिकेल.”

“राहिलेलं चालेल,” हे म्हणाले.

हे घरी आले. ताप पुन्हा आला नाही. अख्खा हिवाळा आम्हाला मिळाला; खिडकीशी बसून चहा, पेपर, माझ्या भाजीला नावं ठेवणं. मग राहिलेलंही संपलं. त्या हिवाळ्यासाठी मी सेन्सेईंचे उपकार विसरणार नाही.

तुमच्या भिंतीत असं झाकण असेल तर त्याच्यावर काय टांगलंय ते आजच बघा. ओल दिसली तर नुसती पुसू नका, ती कुठून येते ते शोधा. आणि दार जड झालं तर हसा, पण कोणाला तरी विचाराही.

यंत्र मी बंद करत नाही. आवाज खरंच येत नाही, चालू आहे की नाही ते हात लावून बघावं लागतं. आता फोडणी देताना बेल वाजली तरी दार एका बोटानं उघडतं. मी मात्र आधी जराशी वाकते.