बाईंनी सांगितलंय

काळाचौकीच्या चाळींत मालन परबबाईंचे निरोप पोचवायचं काम जयवंतांकडे लग्नापासूनच आलं होतं. गणपती मंडळाच्या वर्गणीसाठी ते दारोदार फिरतच असत. जाता जाता सांगत, "बाईंनी सांगितलंय, उद्या आईला शाळेत पाठवा." एवढ्यावर बायका चुलीवरचं उतरवून शाळेत येत. माझा बिनपगारी शिपाई, असं बाई स्टाफरूममध्ये नवऱ्याबद्दल कौतुकाने म्हणायच्या.

वर्गातली पोरं जयवंतांना नावानिशी ठाऊक होती. कोणाचा बाप पिऊन बायकोवर हात उचलतो, तेसुद्धा. अशा एकदोघांना त्यांनी नाक्यावर गाठून चांगलं सरळही केलं होतं.

म्हणूनच त्या संध्याकाळी बांगडे साफ करता करता बाईंनी श्रेयाचंही सांगून टाकलं. नववीतली मुलगी. वर्ग सुटल्यावर बाकाशी घुटमळत राहिली आणि एकदम बोलली. मंडळाच्या लेझीम पथकाला शिकवणारा हितेंद्र पवित्रा दाखवायच्या निमित्ताने नको तिथे हात लावतो, परवा तर त्याने सामानाच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं. असं कोणी वागलं तर मला सांगा, पुढचं मी बघते, असं बाईंनीच जूनमध्ये वर्गात सांगितलेलं. बाईंनी लगेच तिच्या आईला, दुर्गाला बोलावून घेतलं. सकाळी तिघींनी पोलीस ठाण्यात जायचं ठरलं.

जयवंतांनी चहा संपवला. "वाईट झालां गो," एवढंच म्हणाले आणि मंडळाची मीटिंग आहे म्हणून शर्ट चढवून गेले.

सकाळी दुर्गा आली नाही. फोनही उचलेना. बाई तिच्या चाळीत गेल्या, तर ती दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही.

"आता कशाला आलात, बाई? काल निरोप पाठवलात ना."

"कसला निरोप?"

"तुमचे मिस्टर आलेले. म्हणाले, बाईंनी सांगितलंय, विसर्जन होईपर्यंत कुठे बोलू नका, पोरीचंच नाव खराब होईल. तुम्हीच म्हणताय म्हटल्यावर श्रेयाच्या बाबांनी त्यांना शब्द दिला."

"मी नव्हतं पाठवलं त्यांना."

आत मोरीत श्रेया कपडे पिळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "मग त्यांना कळलं कसं?"

नवऱ्यापासून काय लपवायचं, हे वाक्य बाईंच्या तोंडाशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी सांगितलं. मला वाटलं, ते आपल्या बाजूचे आहेत."

"मलापण तुमच्याबद्दल तसंच वाटलेलं," श्रेया म्हणाली आणि पिळलेला फ्रॉक पुन्हा पिळू लागली.

मी ठाण्यात जातेय, तू ये म्हणत नाही, एवढं श्रेयाला सांगून बाई जिना उतरल्या. खाली येईतो जयवंतांचा फोन. पथकाला यंदा बाहेरच्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आहेत, ऐन वेळी दुसरा माणूस कुठून आणायचा, हितेंद्रला दम दिलाय, असं सगळं ते समजुतीने सांगत होते. शेवटी म्हणाले, "आणि तुझां नाव घेतलां म्हणून तर ऐकली माणसां. माझां कोण ऐकता?"

त्यांनी हितेंद्रची बाजू घेतली, हे एक वेळ बाईंनी सहन केलं असतं. मंडळ म्हणजे जयवंतांचा जीव, हे त्यांना नवीन नव्हतं. पण इतकी वर्षं घासून कमावलेला शब्द या माणसाने खुंटीवरचा शर्ट काढावा तसा काढला होता आणि अंगात घालून गेला होता. याआधी किती दारांत असा गेला असेल, कोण जाणे.

ठाण्यातल्या बाई अधिकाऱ्याने मुलीची आई कुठे म्हणून विचारलं. आई आली नाही, मी तिची शिक्षिका, असं कळल्यावर कायद्याने मला कळवावंच लागतं, असं मालनबाईंनी सांगितलं. मग नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव.

"जयवंत परब," त्या म्हणाल्या. "मॅडम, हे नाव पुढे परत येईल. आईला गप्प करायला कोण गेलं, ते सांगेन तेव्हा."