बाळकृष्णाच्या मुकुटावरचा शंख

नाव चतुराबाई, आणि भीती कशाकशाची? गॅसच्या सिलिंडरची, केबलच्या वायरची, लिफ्टची. बरकतपुऱ्यात आमच्या शेजारीच राहायच्या. मुलगा श्रीकांत सरकारी नोकरी सोडून नव्या कॉम्प्युटर कंपनीत गेला, तेव्हा महिनाभर बाईंच्या घशाखाली घास उतरला नाही. आमच्याकडच्या पुरणपोळ्या तेवढ्या उतरायच्या.

त्या कंपनीनं पोरांना विशाखापट्टणमला सहलीला नेलं. श्रीकांतनं तिथल्या खडकावरून गव्हाच्या दाण्याएवढा निळसर शंख आणला. चतुराबाईंनी तो देव्हाऱ्यात तांदळावर मांडला. रोज देवांबरोबर त्यालाही आंघोळ, गंध.

एका सकाळी बघतात तर शंख बाळकृष्णाच्या मुकुटावर!

"भाऊजी, शंख चालतो!"

"तुमचा चहा पाजलात काय, वहिनी? माझेही पाय असेच पळत सुटतात."

"थट्टा नक्को! शंख जागचा हलला म्हणजे लक्ष्मी निघाली. त्यात पोराची नोकरी ही असली!"

मी भिंग लावून पाहिलं. शंखाच्या तोंडाशी केसाएवढी दोन शिंगं. "लक्ष्मी कसली? समुद्रातली गोगलगाय आहे. जिवंत!"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. देव्हाऱ्यात जीव मेला, तर ते पाप आणणाऱ्याच्या, म्हणजे श्रीकांतच्या माथी!

दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुन्हा बोलावणं. गोगलगाईनं शंखाच्या तोंडाचं झाकण घट्ट लावून घेतलं होतं.

"खारं पाणी हवं तिला. वाटीत मीठ घाला."

"मीठ?" त्या किंचाळल्या. "न्हाणीत गोगलगाय दिसली की आम्ही मीठच टाकतो. फेस येऊन विरघळते मेली. माझ्याच हातानं मारू?"

श्रीकांत ऑफिसात. झाकण आणखी आत गेल्यासारखं वाटत होतं. शेवटी बाईंनी पदर दातात धरला, वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि चाखलं.

"समुद्र एवढा खारट असतो का हो?" समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मीही चाखलं. "अजून."

देव्हाऱ्यात उष्टं पाणी! पण सोवळं-ओवळं तेव्हा आठवतंय कुणाला?

बाईंनी शंख वाटीत सोडला. त्यांनी डोळे मिटले.

"फेस आला का?"

"नाही."

"आता?"

बऱ्याच वेळानं झाकण हललं. शिंगं बाहेर आली. बाई हात जोडून वाटीपाशी बसल्या, उठायलाच तयार नाहीत. आगगाडीत एकटं बसायची त्यांची आजवर छाती झाली नव्हती.

"शनिवारच्या गाडीपर्यंत तग धर गं बाई," त्या पुटपुटल्या. "मी स्वतः येते तुला समुद्रात सोडायला."