न अडखळणारी इंदूबाई

धर्मपालनं जोडून दिलेल्या लग्नाच्या व्हिडिओत कोणी अडखळत नसे. नवरीचा मामा आशीर्वाद देताना कितीही घुटमळो, अकोल्याच्या त्याच्या दुकानातून तो सरळ बोलणारा होऊनच बाहेर पडे. "सोयऱ्यात माणसाची फजिती नाई झाली पायजे," धर्मपाल म्हणे.

मूर्तिजापूरची दामिनी अमरावतीच्या कॉलेजात फिल्म शिकायची. परीक्षेसाठी तिनं आपल्या आईवरच छोटी फिल्म काढली. इंदूबाईला लकवा मारून गेला होता. वाचा परतली, पण तुकड्यातुकड्यानं. पुढच्या शब्दाची वाट पाहायला समोरचा तयार नसे, म्हणून बाईनं बोलणंच टाकलेलं. पोरीच्या कॅमेऱ्यासमोर मात्र ती बोलली. आंबिलीबद्दल, माहेरच्या विहिरीबद्दल. शूटिंग संपल्यावरही थोडंथोडं बोलू लागली.

"दादा, पंख्याची घरघर तेवढी काढून द्या," म्हणत दामिनी सगळं शूटिंग धर्मपालकडे ठेवून गेली.

घरघर निघाली. पण बाईचं अडखळणं त्याला पाहवेना. जिथं ती थांबली तिथं त्यानं पडद्यावर तिचे हात लावले, चूल लावली, दारातली शेळी लावली, आणि खालून आवाजातलं थांबणं कापून शब्दाला शब्द जोडत गेला. लग्नांची कामं तटली. गिऱ्हाइकं शिव्या देऊन गेली. असं जीव लावून त्यानं आजवर काही केलं नव्हतं.

फिल्म घेऊन तो स्वतः मूर्तिजापूरला गेला. टीव्हीवर इंदूबाई घडाघडा बोलली. खाटेवरच्या इंदूबाईचे डोळे भरून आले.

"पु... पुना... लाव."

पुन्हा लावली. धर्मपाल खुशीत होता. दामिनी भिंतीकडे पाहत होती.

"दादा, मायचं थांबणं काहून काढलं तुमी?"

"काहून म्हंजे? कॉलेजातली पोट्टी हासतीन ना मावशीले."

"फिल्म त्या थांबण्याचीच होती ना, दादा."

इंदूबाईनं टीव्हीकडे बोट केलं. "थे बाई... चां... चांगली बोलते." मग बराच वेळ गेला. "तिलेच... बोलू दे."

त्यानंतर ती बोलली नाही. धर्मपालनं सगळं थांबणं परत जागच्या जागी बसवून दिलं. दामिनीनं तीच फिल्म कॉलेजात दिली, तिचं कौतुकही झालं. ती घरी लावली तेव्हा इंदूबाई उठून मागच्या अंगणात गेली. शेजारीण काही विचारायला आली, की ती टीव्हीकडे हात दाखवी.

दिवाळीआधी धर्मपाल पुन्हा गेला. दामिनी अमरावतीला होती.

"मावशी, कशी हायेस?"

इंदूबाईनं चहा ठेवला. त्याच्यासमोर कप सरकवला.

"बोल ना वं माय. कितीक वेळ लागू दे. मी हावो बसेल."

तो बसून राहिला. चहावर साय धरली. इंदूबाईनं खाटेवरचा रिमोट उचलला आणि त्याची जुनी, घडाघडा बोलणारी फिल्म लावली.