सलग तीन वर्षांची हजेरी

औरंगपुऱ्यात माझं खेळाच्या कपड्यांचं शिवणकाम आहे. चार मशिनी, कटिंगचं एक टेबल आणि मागच्या भिंतीवर कामांची यादी. शाळांच्या जर्सी, ट्रॅकपँट, स्नेहसंमेलनाचे पोशाख. साथीच्या काळात शाळा बंद झाल्या तेव्हा त्या यादीवर लिहायला काही उरलं नाही. मशिनींवर चादरी टाकल्या. नंतर अडचणीतल्या छोट्या उद्योगांसाठी सरकारी योजना आली आणि तिच्यामुळे मी तगले, हे मी नाकारत नाही. पण अर्जाला जो अहवाल जोडला होता, त्यात माझ्या मशिनी एक महिनाही थांबल्या नव्हत्या. तो तयार करून देणारा माणूस म्हणाला होता, "ताई, बंद पडलेल्याला कुणी हात देत नाही. चालू आहे, पण धाप लागलीय, असं दाखवायचं." मी सही केली. काम झालं. तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की धरली: सरकारी कागदात खंड दिसता कामा नये.

शाळेत मला खो-खो शिकवणारे सर निवृत्तीनंतर कन्नडच्या पलीकडे आपल्या गावी राहायला गेले. तिथल्या शाळेच्या मैदानावर ते रोज संध्याकाळी मुलींना खेळवतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी काही देत नाही. वर्षातून एकदा माझ्याकडे येतात, मुलींसाठी चड्ड्या-बनियन शिवून नेतात आणि माझ्या कारागिरांसमोर मला "पोरी" म्हणतात. मी पन्नाशीला आले आहे.

गेल्या वर्षी ते पोळ्याच्या सुमारास आले ते हातात एक परिपत्रक घेऊन. गावपातळीवरच्या खेळ केंद्रांना मदत मिळणार होती: मॅट, नवे खांब, आणि जिथं मुलं हंगामापुरती गाव सोडून जातात तिथं त्यांच्या राहण्याजेवण्याची सोय. सरांचं बोट त्या शेवटच्या ओळीवर होतं. त्यांच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मुलीही जातात. आईबाप फडात असताना पाचटाच्या कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतं.

सरांच्या मनात एक मुलगी होती. बारा वर्षांची, काटक. खांबाला वळसा घालताना तिचा वेग कमी होत नाही, असं ते दोनदा म्हणाले. जिल्ह्याची निवड थंडीत होते आणि थंडीत ही उसाच्या फडावर असते. तिच्या आईनं सरांना सांगितलं होतं, पोरीला दोन वेळचं जेवण आणि रात्रीचं छप्पर मिळणार असेल तर ती तिला ठेवून जाईल, धाकट्याला आजीकडे टाकेल. ऊसतोडीच्या टोळीत नावं देण्याआधी तेवढं पक्कं कळलं पाहिजे.

मी यादी केली. अकरा कागद लागणार होते. दहा मी आठवड्यात जमवले: संस्थेची नोंदणी, ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा उतारा, फोटो आणि मुख्य म्हणजे विनंतीपत्र. ते मीच लिहिलं. मुली दर हंगामात कशा जातात, शाळा आणि खेळ दोन्ही कसं तुटतं, हे त्यात नीट मांडलं. अकरावा कागद म्हणजे सलग तीन वर्षांचे हजेरीपट.

सरांकडे हजेरी नव्हती. ते म्हणाले, "पोरी समोर दिसतात की. लिहायचं कशाला?"

मी तीन वह्या आणल्या आणि दोन रविवार दुकानात बसून तीन वर्षं भरली. तीन वेगळी पेनं वापरली. रविवार सोडले, सण सोडले, अधूनमधून तापाच्या दोन-तीन गैरहजेऱ्या टाकल्या. हे काम मला जमतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. सरांनी न वाचता सह्या केल्या. "तू बघितलंस ना? मग झालं."

कार्यालयात फाइल पाहणारे गृहस्थ माझ्याच वयाचे होते. त्यांनी विनंतीपत्र पूर्ण वाचलं, मग वही उघडली. मार्गशीर्ष येतो ते पान काढलं, दुसऱ्या वर्षाच्या वहीतलंही तेच पान काढलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस उठून जाईपर्यंत ते बोलले नाहीत.

"मॅडम, पत्रात लिहिलंय पोरी दिवाळीनंतर जातात. वहीत त्या रोज मैदानावर आहेत."

त्यांनी पत्र वहीच्या उघड्या पानाशेजारी ठेवलं.

"जात नसतील तर सोय कशाला मागता? आणि जात असतील तर या कोण खेळतात?"

माझ्या यादीत दोन्ही कागदांपुढे बरोबरची खूण होती. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचायचे, हे यादीत नव्हतं. खंड दिसू नये म्हणून मी तीन वर्षं इतकी गच्च भरली होती की ज्या खंडासाठी मदत मागायची तोच पुसला गेला होता.

त्यांनी वह्या माझ्याकडे सरकवल्या. "या मी पाहिल्या नाहीत. माझे आईबाप उसाच्या कोयत्यावर होते, म्हणून सांगतो. खरं लिहून आणा. मुदत जाईल, पण आणा."

दुसऱ्या दिवशी मी कन्नडची एसटी धरली. वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण सरांनी माफी मागू दिली नाही. सगळं ऐकून त्यांनी फक्त विचारलं की मी कार्यालयात त्यांच्या सहीबद्दल काय सांगितलं. काहीच नाही, असं मी म्हणाले. मग शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी मला तीन वर्षं सांगितली. पाठ होती त्यांना. कोणती मुलगी कोणत्या दिवशी गेली, कुणाच्या ट्रॅक्टरवर बसून, परत कधी आली, आली तेव्हा हाताला काय लागलं होतं. मी लिहीत होते. दिवाळीनंतर रकानेच्या रकाने मोकळे राहत होते.

एका नावाशी ते थांबले.

"ही नाय आली परत. तिकडंच लगीन लावलं."

"पुढं काय लिहू, सर?"

"काय लिहितेस? सोड मोकळं."

माझ्या आधीच्या वह्यांत ती पुढची दोन्ही वर्षं हजर होती. तापाची एक गैरहजेरी मी तिलाही दिली होती.

खऱ्या वह्या मी कार्यालयात दिल्या. गृहस्थांनी शिक्का मारून पोच दिली आणि स्पष्ट सांगितलं की या वर्षीची यादी वर गेली आहे, आता पुढच्या वर्षी विचार होईल. मी थेट त्या बारा वर्षांच्या मुलीच्या आईला भेटायला गेले. माझं घर शहरात आहे, एक खोली रिकामी आहे, हिला माझ्याकडे ठेवा, असं म्हणाले. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तुमचं खरं हाय ताई. पण तुमच्या घरी ठेवायचं म्हंजी कुणाच्या भरवशावर? सरकारचं असतं तर चार पोरी संगं ऱ्हायल्या असत्या." मग थोड्या वेळानं म्हणाली, "नाव दिलंय टोळीत. धाकट्याला हिच्याबिगर कोण बघंल?"

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

टोळी निघाली त्या दिवशीही मी गेले होते. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, त्यांत गाद्या, पत्र्याच्या पेट्या, शेळी. मुलगी कडेवर भावाला घेऊन वर बसली होती. सरांनी तिला खालून विचारलं, तिकडं पळायला जागा असते का. ती म्हणाली, "फडातून रस्ता असतो की सर. पण भाऊ सोडत नाय." सर हसले, आणि ट्रॅक्टर निघाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मी नवीन वही आणली होती. तिच्या नावापुढं तारीख टाकली आणि बस किती वाजता आहे ते पाहू लागले. मैदानावर उरलेल्या मुली येऊन थांबल्या होत्या. सरांनी मोजलं. आठजणी ओळीत बसतात तेव्हा नववी पळते, आणि तिथं सगळ्या मिळून सहा होत्या. दोन मोकळ्या जागी त्यांनी दगड ठेवले. तिसऱ्या जागेकडे बोट करून मला म्हणाले,

"वही ठेव बाजूला. बस खाली, पोरी."

मी ओढणी कमरेला बांधली. गुडघे वाकत नव्हते. एका हाताचा आधार घेऊन मातीत बसले, तोंड पलीकडे करून, आणि मागून पाठीवर थाप पडायची वाट पाहू लागले.