मामांच्या दावणीचा कॉम्प्युटर

माझ्या मामेसासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकदा तरी माणसाकडे माणूस म्हणून पाहिलं असेल, यावर माझा विश्वास नाही. बायकोचे हे थोरले मामा गुरांचे डॉक्टर. कळवण, पेठ, सिन्नर असं करत सरकारी दवाखान्यांत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर नाशकात मखमलाबाद रस्त्याला घर बांधून राहिले, पण नजर गोठ्यातच राहिली. लग्नाआधी मला पाहायला आले, तेव्हा बाकीच्या मंडळींनी शिक्षण, नोकरी, पत्रिका असलं रीतीप्रमाणे विचारून घेतलं. मामांनी मला अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, "चाल सरळ आहे, डोळा स्वच्छ आहे. बिनधास्त द्या मुलगी." घरात कुणी आजारी पडलं की ते कपाळाला हात लावत नसत, कान चाचपत. माझ्या मेव्हणीला बाळंतपणानंतर भेटायला गेले, तेव्हा बाळाकडे कौतुकानं बघत म्हणाले, "छान! अर्ध्या तासात उभं राहिलं नाही एवढंच." त्यावर मामी म्हणाल्या, "बरं झालं, निदान शेपूट तरी शोधलं नाही." मामींचं माहेर गोदाकाठच्या फुलांच्या मळेवाल्यांचं. घरात चार बैल, दोन गाई. त्यामुळे असल्या नवऱ्याशी संसार करणं त्यांना अवघड गेलं नसावं.

अशा माणसाच्या घरात कॉम्प्युटर आला तो त्यांच्या मुलीचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिनं तो शिक्षणासाठी घेतला, मग लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि कॉम्प्युटर मागे राहिला. मालक सोडून गेलेलं मुकं जनावर बघून मामांचा जीव कळवळला. त्यांनी त्याला आपल्या दावणीला घेतलं. रोज सकाळी चालू केल्यावर ते सीपीयूच्या पाठीवरून हात फिरवत, अंग तापलंय का बघत. पंखा जरा घरघरला तर कपाटातला जुना स्टेथोस्कोप काढून पत्र्याला लावत आणि डोळे मिटून ऐकत. एकदा मी गेलो, तर मॉनिटरवर ओलं फडकं टाकलेलं. "उन्हाचा कडाका आहे," मामा म्हणाले. सिन्नरच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात होतो, त्यामुळे या जनावराचा सल्लागार डॉक्टर म्हणून माझी आपोआप नेमणूक झाली. मशीन हळू चालतं म्हणून मी रॅम वाढवायला सुचवलं, तर मामा हसले. "म्हणजे खुराक वाढवायचा! सरळ सांगा की, जावईबापू."

सुरुवातीला मला वाटलं, निवृत्त माणसाचा चाळा आहे, पत्त्यांचा डाव मांडत बसत असतील. पण मामा लिहीत होते. नोकरीत ज्या जनावरांवर त्यांनी उपचार केले, त्यांतल्या लक्षात राहिलेल्या दोनशे बारा जणांची त्यांना पुस्तकात गाठ घालून द्यायची होती. मराठी टायपिंगचा एक प्रोग्रॅम मी त्यांना घालून दिला होता. उजव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर हेरून, नेम धरून ते दाबत. चार वर्षं हे काम चाललं होतं. एकदा त्यांनी मला वाचून दाखवलं: "कळवणचा ढवळ्या. स्वभाव संशयी. मालकाचं ऐकत नसे, मालकिणीचं ऐके. औषधाची बाटली बघितली की लंगडणं बंद होई. मालक म्हणे, 'डाक्टर, लय नाटकी हाय, पण मनानं वाईट नाय.' मला दोघांबद्दलही तसंच वाटलं." मी पोट धरून हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं, की इतकं बारीक निरीक्षण तर माझ्याबद्दल माझ्या बायकोचंही नसेल.

दोन हजार तीन-चारच्या सुमारास मुलीनं पुण्याहून प्रिंटर पाठवला. पुस्तक छापून, वही शिवून, एकेक प्रत त्या त्या गावच्या मालकांच्या घरी स्वतः नेऊन द्यायची, असा मामांचा बेत होता. वय पंचाहत्तरीला टेकलेलं, मालकांपैकीही बरेच पिकलेले. उशीर करून चालणार नव्हतं. पण प्रिंटरला जुनी विंडोज अठ्ठ्याण्णव चालेना, एक्सपी पाहिजे. मी म्हटलं, "मामा, हे मशीन आता थकलंय. नवीनच घ्या." मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी चाल वाकडी झाल्यासारखं वाटलं. "म्हातारा झाला म्हणून बाजार दाखवायचा? अहो, याच्याकडून चार वर्षं नांगरट करून घेतली मी!" शेवटी त्याच मशीनमध्ये खुराक वाढवून एक्सपी घालायची ठरली. डिस्क लहान, म्हणजे जुनं सगळं पुसून टाकणं आलं. त्याआधी पुस्तक फ्लॉप्यांवर काढून घ्यायचं होतं. वास्तविक ते दोनतीन फ्लॉप्यांत मावलं असतं, पण मामांनी एकोणीस गावांच्या एकोणीस फ्लॉप्या केल्या. "वेगवेगळ्या गावची गुरं एका गोठ्यात बांधायची नाहीत. साथ पसरते."

हे सगळं नेमकं पोळ्याच्या तोंडावर आलं. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते, म्हणून मामांनी सीपीयूची पाठ मऊ फडक्यानं चोळून काढली आणि त्याला उद्याच्या जेवणाचं रीतसर आमंत्रण दिलं. त्याच संध्याकाळी मी एकोणीसच्या एकोणीस फ्लॉप्या उघडून तपासल्या. सगळी गावं जागच्या जागी होती. मामांनी ती एका डबीत भरून ठेवली. पोळ्याच्या दिवशी मशीन चालू करायचं नाही, त्या दिवशी त्याच्या मानेवर जू नाही, असा मामांचा दंडक. सकाळी त्यांनी त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं आणि ओळखीच्या मळ्यांमधले सजवलेले बैल बघायला निघून गेले, ते संध्याकाळी दमून परत आले.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून सकाळीच हजर झालो. सीडी घातली. "पुसू का?" असं मशीननं विचारलं, तेव्हा मी मामांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि मी बटण दाबलं. पडद्यावर "एकोणचाळीस मिनिटं शिल्लक" असं आलं, आणि मामी चहा आणि आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या घेऊन आल्या. त्यांचा चेहरा कसल्याशा समाधानानं फुललेला होता.

"काल तुम्ही नुसत्या मशीनची पूजा करून गेलात," मामांना त्या म्हणाल्या. "त्या डबीत तुमची सगळी गुरं बांधून ठेवलीत म्हणालात ना? मग पोळ्याच्या दिवशी त्यांना तशीच ठेवायची? मी काढली सगळी बाहेर. पाटावर मांडली, पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. त्यांच्या कपाळावरची ती पत्र्याची पट्टी आडवी येत होती, ती सरकवून नीट आत बोट लावलं. एक नाही सोडलं. मग पदरानं पुसून ठेवली परत डबीत."

मी पोळी तोंडात धरून तसाच बसलो. मामांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं केलंस."

मामी आत गेल्यावर मी पहिली फ्लॉपी हातात घेतली. पट्टी सरकवली. आतली काळी चकती पिवळी झाली होती. नवी विंडोज उभी राहिली, स्पीकरमधून तिचं स्वागताचं संगीत वाजलं, आणि आम्ही एकेक गाव घालून बघू लागलो. पेठ घातलं, खर्र असा आवाज आला. सिन्नर घातलं, तेच. चौथ्या फ्लॉपीनंतर ड्राइव्हनंच हळद खाऊन मान टाकली. माझ्या कारखान्यातल्या ड्राइव्हवर बाकीच्या नेऊन बघू, डिस्कमधून काही परत काढणारं कुणी भेटतं का बघू, असं मी काहीबाही बोलत होतो. पुढे ते सगळं मी केलंही, काही हाती लागलं नाही. मामा खुर्चीत पाठ टेकून बसले होते. चार वर्षांचं काम गेलेला माणूस आता ओरडेल असं मला वाटत होतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "जावईबापू, तिला कळता कामा नये. तिनं लेकरासारखी आंघोळ घातली हो त्यांना."

मग उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, मशीन म्हातारं झालं होतं, झटका आला त्याला! जिवानं वाचलं, पण आठवण गेली सगळी!"

"अगं बाई," मामी आतून म्हणाल्या.

त्यानंतर मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अक्षर हेरणं तेच, नेम धरणं तेच. फरक एवढाच, की आता मामी रोज दुपारी शेजारी येऊन बसत. मामा टाइप करता करता विचारत, "सिन्नरची ती तांबडी, तिला काय झालं होतं?" "तिला कुठे, मालकालाच झालं होतं," मामी म्हणत. "गाय बरी झाली आणि हा आठ दिवस झोपला." घरी आलेल्या नवऱ्यानं रात्रीच्या जेवणाबरोबर सांगितलेला एकेक बैल त्यांनी डोक्यात जपून ठेवला होता. दोघं भांडत. मामा म्हणत काळा, मामी म्हणत करडा. मी तिथे बसून ऐकायचो आणि माझं काम सोडून हसायचो. खरं सांगायचं तर हे दुसरं पुस्तक पहिल्याहून सरस होत होतं. पहिल्यात नुसती जनावरं होती, यात गावंच्या गावं बोलायला लागली होती.

एकशे चौसष्टपर्यंत मामा पोचले. त्यानंतरच्या हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. इतरांच्या कानाला हात लावून ताप बघणाऱ्या माणसानं स्वतःचा ताप मात्र कुणाला बघू दिला नाही. त्याबद्दल मी अजून त्यांच्यावर रागावलेलो आहे.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी मामींनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं, मशीनचं काय करायचं हे विचारत असतील. मी बसलो, तर त्या म्हणाल्या, "हळदीनंच गेलं होतं ना हो ते सगळं?"

मी नकळत मान हलवली.

"मला त्याच दिवशी कळलं. हे दारात उभे राहून म्हणतात मशीनला झटका आला, आणि त्याआधी आत गाणं वाजलेलं मी ऐकलं होतं. झटका आलेलं मशीन कशाला गाणं म्हणेल? आणि मी आत बोट लावल्याचं सांगितलं त्याच सकाळी सगळं गेलं, हे जुळवायला कितीसा वेळ लागतो? पण इतकं मनापासून खोटं बोलत होते, म्हटलं बोलू दे. मी रडले असते, तर लिहायचं सोडून माझीच समजूत घालत बसले असते. म्हणून मी रोज जाऊन बसायला लागले. मी पुसलेलं मीच भरून द्यायला पाहिजे ना?"

मग त्यांनी मला खुर्चीकडे बोट दाखवलं. "अठ्ठेचाळीस राहिलीत. मला पाठ आहेत. करा चालू."

मी मशीन चालू केलं, पुस्तक उघडलं.

"लिहा. पेठची म्हैस. कुणालाही धार काढू देत नसे, पण डॉक्टर दिसले की आपणहून मान पुढे करी. त्यांची बदली झाली, त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांच्या येण्याच्या वाटेला तोंड करून उभी राहायची."

एवढं सांगून मामी थांबल्या. मी टाइप करून झाल्यावरही पडद्याकडेच बघत राहिलो, आणि पुढचं काय, असं त्यांना विचारलं नाही.