माळ्यावर गेलेल्या सर्व्हरचं नाव

महाडच्या बाजारपेठेत पुराच्या धास्तीने पावसाळ्याआधी घरातलं सगळं वर जातं. तांदळाच्या कोठ्या, गाद्या, शिलाई मशीन. यंदा मी सर्व्हरही माळ्यावर नेला. सर्व्हर म्हणजे, मुलांनो, तुमच्या बाबांनी बसवून दिलेला, पोळ्यांच्या डब्याएवढा लिनक्सचा संगणक. प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तळमजल्यावरचा म्हणून त्याचं नाव होतं ‘tal’. वर नेल्यावर ते खोटं ठरलं, म्हणून मी बदलून ‘mala’ केलं.

कामाला येणाऱ्या वरंधच्या बाईंना हसू आवरेना. “काकू, दिवाळीला खाली आणलात की परत बारसं? आमच्या म्हशीचे पन एवढे लाड नाय!”

“तुमची म्हैस हाकेला ओ देते. हा देतो का बघू.”

नाहीच दिली. ‘sudo’ लिहून, म्हणजे मालकाच्या हक्काने, काहीही सांगितलं की आधी इशारा यायचा: ‘mala’ नावाचा होस्ट, म्हणजे यंत्र, सापडत नाही. इतर वेळी मी दुर्लक्ष केलं असतं. पण उन्हाळ्यात तुमच्या आजोबांच्या आवाजातल्या कॅसेट मी त्यात उतरवल्या होत्या. बुरशी लागलेल्या त्या फिती एकदा वाजल्या आणि तुटल्या. आजोबांचा आवाज आता फक्त त्या डब्यात होता, आणि वीज जायला लागायच्या आत त्याची प्रत तुमच्या बाबांकडे पाठवायची होती. आत काही बिघडलं असेल तर?

म्हणून आधी ‘sudo’ लिहून एक निरुपद्रवी काम सांगून पाहिलं: आजची तारीख दाखव. इशारा आला, पण मागोमाग तारीखही बरोबर आली. म्हणजे हात धड होते, अडत होतं ते नावाशी. नाव विचारलं, तर ‘mala’ म्हणाला. मग असं नाव असलेलं यंत्र कुठे आहे, हे तो कुठे शोधतो? वाचत वाचत ‘/etc/hosts’ या फाइलपाशी पोचले. त्यात नाव आणि पत्ता यांच्या जोड्या असतात. तिथे त्याच्या स्वतःच्या पत्त्यापुढे अजून ‘tal’च होतं. मी एकाच ठिकाणची चिठ्ठी बदलली होती!

तो एक शब्द बदलला. पुन्हा तारीख विचारली. नुसती तारीख आली. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

मग प्रती पाठवायला घेतल्या. संध्याकाळी तुमच्या बाबांनी फोनवर त्यातली एक लावली. आधी खरखर, मग आजोबांचा, त्यांच्या कुडपण गावच्या वळणाचा तो आवाज: “रेकॉर्डिंगचं लाल बटन आत्ता दाबलंस का गो? मग मी काय मघापासून भिंतीशी बोलतोय?”